ढोक्यांची बोलकी आणि तिची काडी

शामराव ढोके लाकडाचा तुकडा विकत घेण्याआधी बोटाच्या पेराने तो वाजवून बघायचे. आलमबागच्या वखारीतला लाकूडवाला वैतागून म्हणायचा, "भाईसाहब, लकड़ी ले रहे हैं या तबला?" शामराव हसायचे आणि पुढचा तुकडा कानाशी धरायचे.

ते मानक नगरला रेल्वेच्या संशोधन संस्थेत सुतार होते. डब्यांची, पुलांची लाकडी मॉडेलं बनवणं हे त्यांचं काम. मूळचे भंडाऱ्याकडचे. नोकरी लागली तसे लखनौला आले, मागोमाग बायको कमलाबाई आल्या आणि मुलगी नयनाचा जन्म इथलाच. माझे यजमान रमाकांत त्याच संस्थेत इंजिनियर. पण आमची ओळख झाली ती मराठी मंडळाच्या नाटकामुळे. नाटकात एक खिडकी दर अंकाला अडायची. शामरावांनी येऊन ती अशी बसवली की नाटकापेक्षा खिडकीचंच कौतुक जास्त झालं. त्यानंतर कमलाबाईंचं आणि माझं जाणं-येणं सुरू झालं, आणि पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं मी डोळ्यांनी पाहिलं.

१९७५च्या हिवाळ्यात संस्थेत हॉलिस नावाचे एक अमेरिकन तज्ज्ञ आले. ब्रेकच्या कसल्याशा चाचण्या होत्या. ते परत निघाले तेव्हा सामानाची खोकी ठोकायला शामरावांना बोलावलं. त्या सामानात एक चमत्कारिक वस्तू होती. कुंकवाच्या मोठ्या करंड्याएवढं गोल लाकडी भांडं, तोंडावर पाटीच्या दगडाची चकती बसवलेली, बुडाला भोकं, आणि सोबत पेन्सिलीएवढी लाकडी काडी. चकती प्रवासात तडकली होती. शामरावांनी हे काय म्हणून विचारलं, तर साहेब गाल फुगवून, कोपर पंखांसारखे हलवून समजावू लागले. त्यांच्याकडे जंगलात टर्की नावाचा मोठा पक्षी असतो. शिकारी झाडाआड बसून या दगडावर काडी घासतो, आणि मादी बोलावते आहे असं समजून नर जवळ येतो. साहेबांनी काडी घासूनही दाखवली, पण तडकलेल्या दगडातून नुसती खरखर निघाली. ते ती वस्तू टाकूनच देणार होते. शामरावांनी मागून घेतली.

घरी आले ते सायकल भिंतीला टेकवायचं विसरूनच. कमलाबाईंना म्हणाले, दगड पक्ष्यासारखा बोलतो. कमलाबाईंनी विचारलं, कसा बोलतो? टर्की कसा बोलतो हे तर शामरावांनी कधी ऐकलंच नव्हतं.

मग शोध सुरू झाला. रविवारी ते नख्खासच्या बाजारात गेले. तिथे पिंजरे विणणारे छुट्टन मियाँ त्यांच्या माहितीचे होते. छुट्टन मियाँनी टर्की म्हटल्यावर कपाळाला आठ्या घातल्या, पण शामरावांनी हातांनी पंखा करून दाखवताच ओळखलं. त्याला इकडे पीरू म्हणतात, आणि आलमबागच्या पुढे, रेल्वे लाइनच्या कडेला एक मेमसाहेब नाताळसाठी पीरू पाळतात. शामराव घाईघाईने घरी आले आणि पत्ता लागला म्हणून सांगू लागले.

"मेमसाहेब पेरू पाळते?" कमलाबाई म्हणाल्या. "लावते म्हणा."

ही मेमसाहेब म्हणजे मिसेस ग्रीनवे. यजमान रेल्वेत गार्ड होते, ते वारल्यावर बाई त्याच जुन्या बंगल्यात राहत होत्या. शामराव पुढचे रविवार त्यांच्या कुंपणाच्या भिंतीबाहेर उभे राहून कान देऊ लागले. अर्थातच पकडले गेले. बाई काठी घेऊन बाहेर आल्या. शामरावांनी घाबरून खिशातली तडकलेली चकती पुढे केली आणि मोडक्या शब्दांत सगळं सांगून टाकलं. बाईंनी काठी खाली घेतली. म्हणाल्या, चोरासारखं बाहेर काय उभा राहतोस, आत येऊन ऐक.

त्या दिवशी शामरावांनी टर्की पहिल्यांदा पाहिला. काळसर तांबूस अंग, उघडी निळसर मान, चोचीवरून लोंबणारं लाल मांस. नराने शेपटीचा पंखा उघडला आणि पंखांची टोकं जमिनीला घासत तो वाटोळा फिरला. माद्या दाणे टिपताना आपसात बोलत होत्या. आधी बारीक, मग जरा जाड, एका दमात चारपाच वेळा. शामराव तिथेच ओट्यावर बसून राहिले. बाईंचा चहा त्यांच्या हातात निवून गेला.

त्यानंतर ढोक्यांच्या घरात कुणाला चैन नव्हती. पहिली पाटी गेली ती नयनाची. शाळेत बाईंनी विचारलं तर पोरीने सांगितलं, "पापा ने काट दी." शामराव ऑफिसातून येत, चहा घेत आणि मागच्या अंगणात बसत. चकती कापायची, कडा घासायच्या, शिसवीचं भांडं आतून कोरायचं, आत एक छोटा खुंट ठेवायचा, त्यावर दुसरी पातळ चकती, मग सरसाने वरची पाटी बसवायची. सरस वाळला की काडी घासायची. आणि आवाज कसला? दाराची बिजागरी कुरकुरावी तसला. कधी भांडं जाड व्हायचं, कधी भोकं मोठी. कधी नुसता बोटांचा चिकटपणा पाटीला लागला तरी आवाज बसायचा. शेजारचे भैयाजी एकदा तेलाची बाटली घेऊन आले, दरवाज्याला घाला म्हणून.

कमलाबाईंना त्या आवाजाने शिणवटा यायचा. एका दुपारी त्यांनी शामरावांच्या हातातली काडी काढून घेतली. म्हणाल्या, तुमचं भांडं गुणाचं आहे, ही काडीच मुकी आहे. काडी सागवानाची होती. कमलाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि आपलं मोडलेलं लाटणं घेऊन आल्या. शिसवीचं, वर्षानुवर्षं हातात फिरून गुळगुळीत झालेलं. शामरावांनी त्याच्या मुठीची काडी तासून दिली. कमलाबाईंनी पाटी जराशी घासून खरबरीत केली, काडी तिरपी धरली आणि टोक न उचलता लहान लहान वाटोळ्या रेघा ओढल्या.

"क्याऊक्, क्याऊक्, क्याऊक्."

नयना धावत बाहेर आली, पक्षी कुठे म्हणून. शामराव उठून उभे राहिले होते. कमलाबाईंनी पुन्हा घासलं, पुन्हा तोच आवाज आला. शामराव मला नंतर सांगत की तो आवाज हुबेहूब ग्रीनवे बाईंच्या अंगणातलाच होता.

त्या दिवसापासून कामाची वाटणी झाली. भांडं शामरावांचं, काडी कमलाबाईंची. प्रत्येक भांड्याला आपली काडी लागते हे त्यांनी शोधून काढलं. एकाची काडी दुसऱ्यावर घासली तर आवाज फाटतो. कमलाबाई समोर शिसवीच्या, बांबूच्या, बाभळीच्या काड्या मांडून बसायच्या आणि जोडी जुळली की दोन्हींवर तापल्या खिळ्याने सारखीच खूण करायच्या. वस्तूचं नावही त्यांनीच ठेवलं, बोलकी.

पहिली बोलकी घेऊन दोघं ग्रीनवे बाईंकडे गेली. मी हट्टाने सोबत गेले. कमलाबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या, पदर खोचला आणि काडी फिरवली. अंगणात सगळ्या माना एकदम वर झाल्या. नर क्षणभर थिजला. मग गळा पुढे काढून त्याने असा काही गडगडाट केला की झाडावरचे कावळे उडाले. एका मादीने उत्तर दिलं, मग दुसरीने. बघता बघता सगळा कळप पायरीपाशी जमला आणि कमलाबाईंच्या तोंडाकडे टकामका बघू लागला. ग्रीनवे बाई हसून हसून खुर्चीत बसल्या. त्यांनी ती बोलकी तिथेच ठेवून घेतली. ती पहिली विक्री.

पण बोलकीचं नाव झालं ते १९७८च्या डिसेंबरात. मी कमलाबाईंकडे स्वेटरचा नमुना उतरवून घ्यायला गेले होते. एवढ्यात ग्रीनवे बाईंचा खानसामा घामाघूम होऊन सायकलवरून आला. बंगल्यापुढून वरात गेली होती. बँडवाल्यांनी कुंपणाशीच फटाक्यांची माळ लावली, पत्र्याचं दार उघडं राहिलं होतं, आणि सगळे पीरू उधळून पळाले. नाताळ तोंडावर आलेला. बाईंचं वर्षाचं सगळं त्या पक्ष्यांवर. बाईंच्या हातात बोलकी होती, पण घाईघाईत त्या काडी अशी दाबून घासत होत्या की नुसती खरखर निघे.

शामरावांनी कमलाबाईंना कॅरिअरवर बसवलं आणि सायकल दामटली. मी रिक्षाने मागे. पोहोचले तर दृश्य बघण्यासारखं होतं. मोहल्ल्यातली माणसं पोती, चादरी, खाटेची दोरी घेऊन धावत होती. एक मादी छपरावर, एक गटाराच्या पुलाखाली, बाकीच्या लाइनपलीकडे अरहरच्या, म्हणजे तुरीच्या, शेतात शिरलेल्या. माणसं जितकी धावत, पक्षी तितके लांब जात.

कमलाबाईंनी सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. त्या काही आवाज चढवणाऱ्या नव्हत्या, पण त्या दिवशी चढवला. माणसं बसली. वरातीतले दोन बँडवालेसुद्धा ओशाळून बसले. कमलाबाई लाइनच्या उताराखाली गवतात टेकल्या, बोलकी तळहातावर धरली आणि हाक घातली.

काही नाही. पुन्हा हाक. मग अरहरच्या आतून अगदी बारीक, कापरं उत्तर आलं. कमलाबाईंनी लगेच तस्संच, जरा मऊ करून परत बोलावलं. पिकातून एक निळसर मान वर आली. तिच्यामागे दुसरी. आणि मग त्या एकामागे एक, शाळेच्या पोरींसारख्या रांगेने, लाइन ओलांडून खाली उतरू लागल्या. पुलाखालची मादी बाहेर आली, छपरावरची पंख फडफडवत धपकन अंगणात पडली. लोक तोंडावर हात दाबून बसले होते, कुणी खोकलंही नाही.

राहिला नर. तो बाजूच्या सायडिंगवर, रुळांच्या मधोमध, शेपटीचा पंखा करून उभा होता. आणि तेवढ्यात शंटिंगचं इंजिन आलं. ड्रायव्हरने शिट्टी दिली. नराने शिट्टीला उलट गडगडून उत्तर दिलं आणि इंजिनाच्या दिशेने छाती काढून दोन पावलं पुढेच गेला. ग्रीनवे बाईंनी डोळे मिटून घेतले. शामराव हात हलवत रुळांकडे पळाले. इंजिन आधीच रांगत होतं, ते करकरत थांबलं. ड्रायव्हर खिडकीतून ओणवा होऊन बघू लागला. शामरावांनी हात जोडून त्याला शिट्टी न देण्याची विनंती केली. आता एकीकडे फुसफुसणारं इंजिन आणि एकीकडे कमलाबाई. त्यांनी काडी हलकेच फिरवली, कळपात जेवताना माद्या बोलतात तसं, अगदी घरगुती. नराने मान वळवली. इंजिनाकडे पाहिलं, पुन्हा वळवली. मग पंखा मिटला आणि डुलत डुलत उतारावरून खाली आला.

दार लागलं तसा लोकांनी जो गलका केला! इंजिनवाल्याने शिट्ट्यांवर शिट्ट्या दिल्या. बँडवाल्यांनी वरात विसरून ढोल बडवला. ग्रीनवे बाईंनी कमलाबाईंना मिठीच मारली. कमलाबाई आधी काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या, मग त्यांनाही हसू फुटलं. त्या नराला बाईंनी नाताळात कापलं नाही. रुळावर उभा राहून इंजिन थांबवलं म्हणून त्याला नाव दिलं, गार्डसाहब.

ही हकिकत रेल्वेच्या माणसांनी इंजिनाच्या वेगाने पसरवली. कानपूर, झाशी, अलाहाबाद, जिथे जिथे कुणी पीरू पाळत होतं तिथून निरोप येऊ लागले. एका मिशनच्या शेतावरचे पाद्री स्वतः येऊन गेले. शामराव सरकारी नोकर, त्यांना धंदा करता येईना, म्हणून बोलकी कमलाबाईंच्या नावावर विकली जाई. रविवारी छुट्टन मियाँच्या दुकानाशेजारी फुटपाथवर सतरंजी पडायची. कमलाबाईंनी काडी फिरवली की गर्दी जमायची. लोक वाकून टोपलीत पक्षी शोधायचे. टोपलीत नुसत्या काड्या. मग एकच हशा. पहिल्या पहिल्यांदा पदर डोक्यावर ओढून मान खाली घालून बसणाऱ्या कमलाबाई पुढे पुढे गिऱ्हाइकाचा हात धरून काडी कशी तिरपी ठेवायची ते शिकवू लागल्या. त्यांचं हिंदी आमच्या सगळ्यांपेक्षा धीट झालं. घरी मात्र नयना हिंदीत बोलली की त्या भंडाऱ्याच्या मराठीतच उत्तर द्यायच्या.

एकदा एक ठेकेदार जीपमधून आला. त्याला तितराला बोलावणारी बोलकी हवी होती, आणि पुष्कळ हव्या होत्या. शामरावांना नवं काही करायचं म्हटलं की पाय जमिनीवर राहत नसत. तितराचा आवाज टर्कीपेक्षा चढा, म्हणून पाटीऐवजी त्यांनी काच बसवली, बांबूची काडी केली आणि नेट लावून तो आवाज काढलाच. आता जानकीपुरमची वस्ती झाली आहे तिकडे तेव्हा शेतं होती. पहाटे दोघं ती पारखायला तिथे गेली. ठेकेदारही आला.

शामराव बांधाशी बसले आणि काच बोलू लागली. शेताच्या चारी बाजूंनी उत्तरं आली. मग तितर खरोखरच आले, तुरुतुरु धावत, मध्ये थांबून ऐकत, पुन्हा धावत. एक तर शामरावांच्या गुडघ्यापाशी येऊन मान तिरपी करून उभा राहिला. शामराव ओठ दाबून हसत काच घासतच राहिले. तेवढ्यात कमलाबाईंना उसाच्या कडेला जाळं ताणलेलं दिसलं, आणि त्यामागे दबून बसलेली माणसं. त्यांनी शामरावांच्या हातातून काडी घेतली आणि काचेवर आडवी दाबून अशी ओढली की कानठळ्या बसाव्यात. तितर भर्रकन उडाले. जाळं रिकामं राहिलं.

ठेकेदार चवताळून अंगावर आला. पैशाचं, नुकसानीचं बोलू लागला. शामराव काही बोलणार, त्याआधी कमलाबाईच म्हणाल्या, "बुलाकर धोखा देना हमसे नहीं होगा."

घरी आल्यावर शामरावांनी काच उचकटून काढली आणि त्या भांड्यावर पाटी बसवली. मी एकदा कमलाबाईंना विचारलं की ग्रीनवे बाईंचे पीरू तरी शेवटी कुठे जातात? त्यांनी विणकाम थांबवलं.

"तेही खरंच आहे, पद्माताई," त्या म्हणाल्या. "ते पीरू त्यांच्याच घरी परत येतात, बाईच्या हातचं खातात, म्हणून मी बोलावते. पुढचं मला सोसत नाही. नाताळात तिनं कितीदा बोलावलं, पण मी तिच्याकडे जेवले नाही."

यापेक्षा सोपं उत्तर त्यांच्यापाशी नव्हतं आणि त्यांनी ते बनवलंही नाही. पुढे बोलकी विकताना त्या गिऱ्हाइकाला आधी विचारायच्या, पक्षी पाळता की धरता. धरणाऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवायच्या.

१९८६ साली बाराबंकीजवळ कोंबड्या पाळणाऱ्या बायकांचं एक सरकारी प्रशिक्षण शिबिर भरलं. त्या वर्षी तिथे टर्कीही द्यायचे होते. मोकळ्या सोडलेल्या पक्ष्यांना संध्याकाळी परत कसं आणायचं हे शिकवायला कमलाबाईंना बोलावणं आलं. शामरावांना रजा मिळाली नाही. कमलाबाई चौथी शिकलेल्या, सभेत कधी उभ्या राहिलेल्या नाहीत. त्यांनी मला विचारलं, मी बरोबर येऊ शकते का. पण बसमध्ये चढताना मीच जास्त घाबरले होते.

आंब्याच्या बागेत पन्नासेक बायका बसल्या होत्या. कमलाबाईंनी भाषण केलं नाही. प्रत्येकीच्या हातात एक बोलकी आणि तिचीच काडी दिली आणि घासा म्हणाल्या. सगळ्या बागेत जो किचकिचाट उठला त्याने अधिकारी कानावर हात ठेवून लांब गेले. बायका एकमेकींवर हसत होत्या. कमलाबाई एकेकीपाशी बसत, मनगट धरून फिरवत. कुणाची काडी बदलत. हळूहळू त्या गोंधळातून एक नीट हाक निघाली, मग दुसरी, मग बागेच्या पार टोकाकडून तिसरी. पलीकडच्या वाड्यात ठेवलेले टर्की अस्वस्थ होऊन जाळीला चिकटले. आणि जेव्हा एका म्हातारीने, जिच्या तोंडात दात नव्हते आणि जी सकाळपासून हे माझ्यानं व्हायचं नाही म्हणत होती, तिने काडी फिरवली, तेव्हा तिकडून नराने गडगडून दाद दिली. म्हातारी बोलकी डोक्यावर धरून उभी राहिली. बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्यांनाही नराने तितक्याच जोरात उत्तर दिलं.

परतीच्या बसमध्ये कमलाबाईंचा घसा बसला होता, तरी त्या मानक नगर येईपर्यंत बोलत होत्या. फाटकापाशी शामराव आणि नयना वाट बघत उभे होते. कमलाबाईंनी पिशवी शामरावांच्या हातात दिली आणि घोगऱ्या आवाजात सांगितलं की शिबिरातली प्रत्येक बाई बोलकी मागते आहे, पाट्या उद्याच आणायला हव्यात. शामराव म्हणाले, वखारीचा माल आधी बघू. कमलाबाई म्हणाल्या, आधी काड्या. दोघं वाद घालत क्वार्टरकडे निघाली. नयना मध्ये चालत होती आणि तिने दोघांना हिंदीतच सांगितलं, "पहले मम्मी को चाय तो पिलाओ."